गांवची शाळा व गांवाची देखरेख

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या सभेंत वक्त्यानें गतकाळाचें गुणगान करावें, देवालयाच्या उभारणीस ज्यांचे हात लागले त्यांचीं नांवें आदरानें घ्यावीं, आणि श्रोत्यांस प्रसन्न चित्तानें घरीं जाऊं द्यावें, असा शिष्टाचार आहे. तें काम आमच्या पूर्वीं बोललेल्या वक्त्यांनीं इतक्या उत्तम रीतीनें पार पाडलें आहे कीं, त्यांत भर घालण्याचें आम्हांस कारण उरलें नाहीं. तेव्हां आपल्या अनुज्ञेनें आम्ही एका वेगळ्या विषयाकडे वळतों. हा विषय देवालयाच्या आवारांतला नव्हे, रस्त्याच्या पलीकडला आहे. आपल्या गांवांत जिल्हा परिषदेची जी मराठी शाळा आहे तिच्यावर देखरेख कोणाची, आणि तिच्यांत येणारीं जीं मुलें सर्वांत दुबळीं आहेत त्यांची वास्तपुस्त घेणारें कोण, हा तो विषय होय.

आपणांपैकीं कित्येकांस वाटेल कीं, त्या शाळेशीं आपला संबंध काय? आपलीं मुलें तर मिशनच्या शाळेंत जातात, कांहीं गाडी धरून दूरच्या इंग्रजी शाळेंत जातात. असें वाटणें साहजिक आहे. परंतु या मंडपांत बसलेल्या कित्येक आजीआजोबांनीं त्याच शाळेच्या ओसरीवर पाटी-पेन्सिल घेऊन मुळाक्षरें गिरविलीं आहेत. आज त्या ओसरीवर कोण बसतें तें एकदां जाऊन पाहावें. वीटभट्टीवर राबणाऱ्या वारली आणि कातकरी मायबापांचीं मुलें, बांधकामावर आलेल्या परप्रांतीय मजुरांचीं मुलें, ज्याचा बाप वारला आणि आई चार घरचीं भांडीं घासते असा एखादा मुलगा, कानानें ऐकूं न येणारी एखादी मुलगी, अशी ती मंडळी आहे. ज्यांच्या घरीं दुसरा मार्ग होता तीं मुलें दुसरीकडे गेलीं. यांत कोणास दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. आपल्या लेकराचें भलें पाहणें हा आईबापांचा धर्मच आहे.

पण एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. शाळेंतून एक मूल निघून गेलें म्हणजे पटावरचा एक आंकडा कमी होतो, इतक्यावरच तें भागत नाहीं. त्या मुलाबरोबर एक बाप जातो, जो मास्तर वेळेवर आले नाहींत तर कारण विचारीत असे. एक आई जाते, जी खिचडीच्या तांदळांत किडे निघाले तर थेट सरपंचाच्या दारीं जाऊन उभी राहत असे. अर्ज लिहितां येणारा, साहेबाशीं उभ्यानें बोलतां येणारा, वर्तमानपत्राच्या वार्ताहराला ओळखणारा असा पालकवर्गच शाळेच्या अंगणांतून उठून जातो. मागें राहतात ते पालक पहांटे कामावर जाणारे, अंगठा उठविणारे, आणि शाळेच्या फाटकाशीं चपला काढून उभे राहणारे. शाळेवर गांवाची जी नजर होती ती अशा रीतीनें गेली. सरकारनें ती काढून घेतली नाहीं.

आतां कायद्याकडे वळूं. सन २००९ मध्यें संसदेनें बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा केला, आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलांत आला. त्याचें नांव सर्वांनीं ऐकलें आहे. परंतु बहुतेकांच्या मनांत त्याचा अर्थ खासगी शाळांतील पंचवीस टक्के जागा एवढाच उरला आहे. आम्हीं त्याचें नववें कलम मुद्दाम वाचून पाहिलें. स्थानिक प्राधिकरणाचीं, म्हणजे खेड्यांत जिल्हा परिषदेचीं व शहरांत नगरपालिकेचीं वा महानगरपालिकेचीं, कर्तव्यें त्यांत एकामागून एक सांगितलीं आहेत. दुर्बल वर्गाच्या मुलास कोणी वेगळें वागवीत नाहीं हें पाहणें. आपल्या हद्दींत राहणाऱ्या चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवणें. प्रत्येक मुलाचा प्रवेश, त्याची हजेरी व त्याचें आठवीपर्यंतचें शिक्षण यांवर लक्ष ठेवणें. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या मुलांस प्रवेश मिळवून देणें. आणि हद्दींतील शाळांच्या कारभारावर देखरेख करणें. इमारत, शिक्षक व साहित्य यांचा उल्लेखही तेथें आहे, पण तो मुलांच्या नोंदीनंतर येतो.

व्यवहारांत मात्र हा क्रम उलटा झालेला दिसतो. साहेब तपासणीस येतात तेव्हां भिंतीचा रंग, स्वच्छतागृहाचें दार, पोषण आहाराच्या तांदळाचा साठा आणि कागदांची फाईल हीं पाहिलीं जातात. तीं पाहूं नयेत असें आमचें म्हणणें नाहीं. मुलींच्या स्वच्छतागृहाला दार नसेल तर सातवींतल्या मुली घरीं बसतात, हें आम्हांस ठाऊक आहे. पण जें मूल त्या दिवशीं वर्गांत नाहीं, त्याच्याविषयीं विचारणारें सहसा कोणी नसतें.

नोंदीचें महत्त्व धर्मगुरूला निराळें समजावून सांगावें लागत नाहीं, कारण त्याचें निम्में काम वह्यांचेंच असतें. बाप्तिस्म्याची वही, विवाहाची वही, मृतांची वही, आणि कुटुंबांची वही. जन्मनोंदणी सर्वत्र रूढ होण्यापूर्वीं वयाचा दाखला म्हणून सरकारी कचेऱ्याही याच वह्यांचा उतारा मागत असत. आपल्या धर्मग्रामांतील एखादें कुटुंब बोरीवलीस वा मिरा रोडला राहावयास गेलें तर तें कोणत्या देवालयाच्या हद्दींत गेलें हें आम्हांस कळतें. याच धर्मग्रामाच्या हद्दीपासून थोड्याच अंतरावर, महामार्गाच्या पलीकडे, दर वर्षीं दिवाळीनंतर जीं मुलें येऊन राहतात त्यांचीं नांवें मात्र कोणत्याच वहींत नसतात.

तीं कोठून येतात व कशीं येतात, हें ज्यांस ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं सांगतों. पावसाळ्यांत भात लावून व कापून झाला कीं जव्हार, मोखाडा, विक्रमगड या डोंगरी तालुक्यांत पोटाला काम उरत नाहीं. त्याआधींच, सणावाराच्या किंवा आजारपणाच्या अडचणीस, घरच्या कर्त्यानें मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फेडण्यासाठीं दिवाळी सरतांच सारें कुटुंब, कोंबड्या आणि भांडीं घेऊन, वसई, भिवंडी या बाजूंच्या भट्ट्यांवर येतें. भट्टीच्या कडेला पेंढा, झावळ्या किंवा प्लास्टिक यांचें खोपटें घालावयाचें आणि पावसाच्या तोंडावर परत जावयाचें. शाळेचें वर्ष जूनमध्यें सुरू होतें. म्हणजे मूल चार-पांच महिने गांवच्या शाळेंत बसतें आणि पुढले सहा-सात महिने कोठेंच बसत नाहीं. नांव मोखाड्याच्या पटावर, देह वसईच्या भट्टीवर. तिकडच्या गुरुजींनीं गैरहजेरी मांडावयाची, आणि इकडच्या गुरुजींना तें मूल आहे हेंच ठाऊक नसावयाचें. थोरलें असेल तर तें विटा उलथतें, धाकटें असेल तर त्याहून धाकट्याला सांभाळतें. दोन वर्षें असें झालें कीं तें वर्गांत बसण्यास लाजूं लागतें, आणि मग शाळा सुटली ती सुटलीच.

या बाबतींत कायदा दुबळा आहे असें मात्र कोणी म्हणूं नये. वयाचा पुरावा नाहीं म्हणून प्रवेश नाकारतां येत नाहीं, असें त्यांत स्पष्ट लिहिलें आहे. पूर्वींच्या शाळेचा दाखला येण्यास उशीर झाला म्हणूनही नाकारतां येत नाहीं. शाळा बुडालेल्या मुलास त्याच्या वयास शोभेल त्या वर्गांत बसवावें व मागें राहिलेला अभ्यास वेगळें शिकवून भरून काढावा, असेंही त्यांत आहे. आपल्या राज्यानें तर स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठीं शिक्षण हमी कार्डाची सोय केली. मूल गांव सोडतांना शाळेनें तें कार्ड द्यावयाचें, आणि जेथें तें जाईल तेथील शाळेनें त्यावर त्याला वर्गांत घ्यावयाचें. सन २०१७ च्या सुमारास शाळाबाह्य मुलांचा शोध घेणाऱ्या शिक्षकांस बालरक्षक असें नांव देऊन हें काम वाढविण्यांत आलें. त्यांतील कांहीं शिक्षकांनीं रात्री-अपरात्रीं भट्ट्यांवर जाऊन केलेले श्रम पाहिले म्हणजे मान लवते.

तरी एक प्रसंग सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं एका भट्टीवरील नऊ वर्षांच्या मुलीस घेऊन तिची आई जवळच्या एका शाळेंत गेली. शाळा कोणती, हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. तेथें तिच्याकडे जन्माचा दाखला मागण्यांत आला, आधार कार्ड मागण्यांत आलें, पूर्वींच्या शाळेचा दाखला मागण्यांत आला. हीं तीनही कागदपत्रें दूर डोंगरांतल्या पाड्यावर, कुडाच्या भिंतींत खोंचलेल्या एका पिशवींत होतीं. आई परतली, आणि दुसऱ्या दिवसापासून मुलगी आपल्या भावाबरोबर कच्च्या विटा उन्हांत उलथूं लागली. ही हकीकत आपल्यांतील एका निवृत्त शिक्षिकाबाईंच्या कानीं गेली. त्या कोण, हें पुष्कळांस ठाऊक आहे, आणि नांव घेतलेलें त्यांस आवडणार नाहीं. त्यांनीं कोणाशीं वाद घातला नाहीं. त्याच कायद्याच्या बत्तिसाव्या कलमाचा आधार घेऊन एक पानी अर्ज लिहिला. तें कलम म्हणतें कीं, मुलाच्या हक्कासंबंधीं ज्या कोणास गाऱ्हाणें असेल त्यानें स्थानिक प्राधिकरणाकडे तें लेखी द्यावें. प्राधिकरणानें दोन्ही पक्षांस ऐकून घेऊन तीन महिन्यांच्या आंत निर्णय द्यावा. आणि तो मान्य नसेल तर राज्याच्या बालहक्क संरक्षण आयोगाकडे दाद मागावी. ज्या कोणास, असा शब्द आहे. तो मुलीचा बापच असला पाहिजे असें नाहीं.

तीन महिने लागले नाहींत. सतराव्या दिवशीं मुलगी तिसरीच्या वर्गांत बसली. मे महिन्यांत भट्टी बंद झाली, कुटुंब गांवीं गेलें, आणि पुढल्या वर्षीं मुकादमानें त्यांना दुसऱ्याच तालुक्यांत नेलें असें कळतें. तेथें तिला अशा कोणी बाई भेटल्या कीं नाहींत, हें आम्हांस सांगतां येत नाहीं.

मूल शाळेंत येत नसेल तर शाळेनें मुलाकडे जावें, हा विचार आपल्याच जिल्ह्यांत जुना आहे, हें तरुण मंडळींस बहुधा ठाऊक नसेल. ताराबाई मोडक यांनीं सन १९४५ मध्यें बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें आणि १९५७ मध्यें तें काम कोसबाडच्या टेकडीवर नेलें. त्यांच्यासमवेत अनुताई वाघ होत्या. आदिवासी मुलें शाळेंत कां येत नाहींत, याचा त्यांनीं शोध घेतला तेव्हां उत्तर अगदीं साधें निघालें. मुलांस गुरें राखावयाचीं असत आणि मुलींस धाकटीं भावंडें. मग गुरें चरतात त्या कुरणांतच शिकविणें सुरू झालें, त्यास कुरणशाळा म्हणत; आणि भावंडांसाठीं शाळेच्या शेजारींच बालवाडी व पाळणाघर ठेवण्यांत आलें, म्हणजे ताई वर्गांत बसूं शके. पुढें गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत आपल्या तालुक्यांतील विधायक संसद या संस्थेनें वीटभट्ट्यांवर भोंगा शाळा चालविल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरचें तें खोपटें. हीं कामें सरकारी परिपत्रकाची वाट पाहून झालेलीं नाहींत.

आतां कोणी विचारील कीं, शाळांची देखरेख स्थानिक संस्थांकडे आली तरी कशी? तो इतिहास लांब आहे. आम्ही त्यांतील दोन-चार ठिकाणींच थांबूं. सन १८८२ मध्यें हंटर आयोगापुढें महात्मा जोतीराव फुले यांनीं जें निवेदन दिलें त्यांत त्यांनीं म्हटलें होतें कीं, सरकारचा महसूल घाम गाळणाऱ्या रयतेकडून येतो आणि शिक्षणाचा खर्च मात्र वरच्या वर्गांवर होतो; तेव्हां बारा वर्षांपर्यंतचें प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें. पुढें १९११ मध्यें नामदार गोखले यांनीं मध्यवर्ती कायदेमंडळांत जें विधेयक आणलें तें किती मवाळ होतें! सक्ती करावी कीं न करावी हें स्थानिक संस्थेनेंच ठरवावें, आणि तीही प्रथम मुलग्यांपुरतीच, एवढेंच त्यांत होतें. तरीसुद्धां १९१२ मध्यें १३ विरुद्ध ३८ मतांनीं तें फेटाळलें गेलें. कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं मात्र कोणाची वाट न पाहतां १९१७ मध्यें प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें.

मुंबई इलाख्यांत १९२३ च्या कायद्यानें प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांच्या हातीं आल्या. लोकांच्या शाळा लोकांच्या हातीं आल्या, ही आनंदाची गोष्ट होती. परंतु सहाच वर्षांनीं, १९२९ मध्यें, हारटॉग समितीनें जो अहवाल दिला तो वाचून मन खिन्न होतें. सन १९२२-२३ मध्यें पहिलींत असलेल्या शंभर मुलांपैकीं १९२५-२६ मध्यें चौथींत पोंचलीं तीं अठराच, असा देशाचा हिशेब त्यांत आहे. आणि स्थानिक मंडळांकडे इतका कारभार सोंपविल्याबद्दलही समितीनें नापसंती दर्शविली आहे. त्यानंतर १९४७ चा कायदा झाला, आणि १ मे १९६२ रोजीं महाराष्ट्रांत जिल्हा परिषदा अस्तित्वांत येऊन खेड्यांच्या शाळा त्यांच्याकडे गेल्या. आमच्या मतें समितीचें निदान अर्धेंच बरोबर होतें. मंडळें निष्काळजी होतीं हें खरें. पण जीं ब्याऐंशी मुलें मधल्यामधें गळलीं त्यांचे आईबाप त्या मंडळांवर कोठें होते?

सन २००९ च्या कायद्यानें या प्रश्नास जें उत्तर दिलें आहे तें म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. तिच्या सभासदांपैकीं तीनचतुर्थांश पालक असले पाहिजेत, निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत, आणि वंचित व दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांस त्यांच्या प्रमाणांत स्थान असलें पाहिजे. उरलेल्या जागांवर गांवचे निवडून आलेले प्रतिनिधि, शिक्षक, आणि शिक्षणाची जाण असणारे गांवकरी घ्यावयाचे. दर दोन वर्षांनीं ती नव्यानें नेमावयाची, महिन्यास एकदां तिनें बसावयाचें, शाळेचा पैसा कसा खर्च होतो हें पाहावयाचें, आणि शाळेचा विकास आराखडा तयार करावयाचा. ऊसतोड मजुरांच्या गांवांत तर आईबाप कारखान्याकडे गेले असतां मुलें गांवींच राहून शिकावींत म्हणून जीं हंगामी वसतिगृहें चालतात, त्यांचाही भार याच समित्यांवर असतो. म्हणजे काम करणारी समिती काय करूं शकते हें आपल्या राज्यानें पाहिलेलें आहे.

आणि काम न करणारी समिती कशी असते हेंही पाहिलेलें आहे. बैठकीचें पुस्तक घरोघर फिरतें आणि सह्या गोळा होतात. आदिवासी पालकाचें नांव यादींत असतें, कारण तें असावेंच लागतें. परंतु बैठक ठरते सकाळीं अकरा वाजतां, त्याची मजुरी बुडते, आणि आला तरी खुर्ची पुढें करणारें कोणी नसतें. भट्टीवरच्या पालकाचा तर प्रश्नच नाहीं. निवड जून-जुलैंत होते आणि तो येतो नोव्हेंबरांत. त्यांतच मध्यंतरीं दुसरी आपत्ति आली. राज्यांतील अनेक महानगरपालिकांच्या व जिल्हा परिषदांच्या मुदती संपल्या आणि निवडणुका झाल्या नाहींत. आपल्या वसई-विरार महानगरपालिकेची मुदत २०२० सालीं संपली ती जानेवारी २०२६ मध्यें निवडणूक होईपर्यंत कारभार प्रशासकांच्या हातीं राहिला. प्रशासक चांगलेही असतात; परंतु दाराशीं येऊन अडवितां येईल असा माणूस ते नव्हेत. ज्या वर्षांत साथीमुळें शाळा बंद राहून मुलें सर्वांत अधिक विखुरलीं, नेमक्या त्या वर्षांनंतर विचारणा करण्यास निवडून दिलेलें कोणी नव्हतें.

शिक्षणाची जाण असणाऱ्या गांवकऱ्याची ती जी जागा आहे, तिच्याविषयीं आम्हांस आज विशेष बोलावयाचें आहे. आपल्या समाजांत दुसऱ्या कशाची वाण असेल, निवृत्त शिक्षक-शिक्षिकांची नाहीं. एकेका वाडींत दोन-दोन, तीन-तीन आहेत. ज्यांनीं आयुष्यभर हजेरीपट लिहिला त्यांस, पटावर अठ्ठावीस आणि वर्गांत अकरा कां, हें विचारण्यासाठीं निराळें शिक्षण घ्यावें लागणार नाहीं. हें आतां निकडीचेंही झालें आहे. पट घटला म्हणजे शिक्षकांचीं पदें घटतात, पदें घटलीं म्हणजे आणखी पालक मुलें काढून घेतात. सन २०२३ मध्यें कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार सरकारकडून मांडला गेला तेव्हां राज्यभर चिंता पसरली ती उगीच नव्हे. पहिली ते पांचवीच्या मुलास शाळा एक किलोमीटरच्या आंत असावी, असा आपल्या राज्याचा नियम आहे. ज्यांच्या घरीं दुचाकी आहे त्यांस तीन किलोमीटर कांहींच नाहींत. भट्टीवरच्या सात वर्षांच्या पोरास महामार्ग ओलांडून तीन किलोमीटर जा म्हणणें म्हणजे जाऊं नको म्हणणें होय.

येथें आमच्या मिशन शाळांविषयीं बोलल्यावांचून पुढें जाणें योग्य होणार नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें ६ मे २०१४ रोजीं, प्रमती न्यासाच्या खटल्यांत, हा शिक्षणहक्काचा कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांस लागू नाहीं असा निर्णय दिला. घटनेच्या तिसाव्या अनुच्छेदानें आपल्या शाळा चालविण्याचा जो हक्क आपणांस दिला आहे त्याचा त्यांत आधार होता. पुढें १ सप्टेंबर २०२५ रोजीं त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनीं त्या निर्णयाविषयीं शंका व्यक्त करून तो प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा म्हणून सरन्यायाधीशांकडे पाठविला. निकाल काय लागावा याची चर्चा वकिलांनीं करावी. आम्हांस तो हक्क मोलाचा वाटतो, व तो टिकावा असेंही वाटतें. परंतु गरिबाचें मूल घेण्याच्या बंधनांतून कायद्यानें सोडलें म्हणून ख्रिस्तसभा त्यांतून सुटली, असें प्रतिपादन करणारा एकही ग्रंथ आम्हांस सेमिनरींत कोणीं शिकविला नाहीं. आपल्या शाळांचा आरंभ झाला तेव्हां त्यांच्या वर्गांत कोणाचीं मुलें बसत असत, हें याच महोत्सवाच्या निमित्तानें काढलेल्या जुन्या छायाचित्रांत पाहावें. पहिल्या रांगेंतल्या एकाही पायांत चप्पल नाहीं.

अपंग मुलांविषयीं थोडक्यांत सांगतों, कारण त्यांचीं माणसें या सभेंत बसलेलीं आहेत आणि त्यांस आमच्याहून अधिक ठाऊक आहे. सन २०१६ च्या कायद्यानें अशा मुलास सरकारमान्य वा अनुदानित शाळेनें भेदभाव न करितां प्रवेश दिला पाहिजे. आणि स्थानिक संस्थांनीं दर पांच वर्षांनीं शाळेच्या वयाच्या मुलांची पाहणी करून अशीं मुलें शोधलीं पाहिजेत. ही पाहणी करणारे आपल्या दारीं आले तर मूल आंतल्या खोलींत ठेवूं नये, एवढीच विनंति. मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१२ च्या कायद्याबद्दलही एकच वाक्य पुरे आहे. असा गुन्हा ज्यास कळला त्यानें तो पोलिसांस कळविलाच पाहिजे, मग तो मुख्याध्यापक असो, समितीचा सभासद असो कीं धर्मगुरू असो. संस्थेचें नांव सांभाळण्याची सबब तेथें चालत नाहीं.

महोत्सवाच्या निधींतून काय करावें याविषयीं दोन मतें आहेत हें आम्हांस ठाऊक आहे. मंडपाच्या जागीं पक्कें सभागृह व्हावें असें एक मत आहे, आणि तें रास्त आहे. त्यास विरोध करण्यासाठीं आम्ही उभे राहिलों नाहीं. आम्हांस हवें आहे त्यास पैसा फारसा लागत नाहीं. पुढल्या वेळीं गांवच्या शाळेची समिती नेमली जाईल तेव्हां त्या पालकसभेस आपल्यांतील निदान चार निवृत्त शिक्षकांनीं हजर राहावें व आपली सेवा देऊं करावी. बैठका रात्रीं आठ वाजतां, मजूर कामावरून परतल्यावर, ठेवाव्या असा आग्रह धरावा. ग्रामसभेंत शाळेचा विषय निघत नसेल तर आपण तो काढावा. आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यांत, भट्ट्यांवर खोपटीं उभीं राहतांच, दोघादोघांच्या जोड्यांनीं तेथें जाऊन यावें. जातांना भट्टीच्या मालकास कळवून जावें, आणि हातांत माळ नव्हे, वही असावी. आपण धर्मप्रचारास आलों आहों अशी शंका कोणाच्या मनांत येऊं नये, व ती खरीही नसावी.

त्या कामासाठीं एक वही आम्हीं आंखून घेतली आहे. मुलाचें नांव, वय, मूळ गांव, तेथील शाळा, इयत्ता, हमी कार्ड आहे कीं नाहीं, आणि इकडे प्रवेश मिळाल्याची तारीख, असे सात रकाने तिच्यांत आहेत. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर पंधराव्या दिवशीं अर्ज लिहावयाचा. अर्जाचा नमुना वहीच्या मागील पुठ्ठ्यास चिकटविला आहे. वही धर्मग्रामाच्या कचेरींत मेजावर ठेविली आहे. ज्यांस नांव द्यावयाचें असेल त्यांनीं सकाळच्या मिस्सेनंतर यावें. कचेरी नऊ वाजेपर्यंत उघडी असते.